शेजारणीचा निरोप

मे महिन्यात जळगावात मेण धीर धरत नाही.
ब्लॉक बर्फाच्या ट्रेवर उपडे ठेवावे लागतात,
नाहीतर पात्याखालून फितीऐवजी चुरगळा निघतो.
रायसिंगला म्हटलं, चार मायक्रॉन. श्वास रोखून काप.
तो धडगावकडचा, हात हलका,
पहिल्याच आठवड्यात अखंड फीत सोडली त्याने पाण्यावर.
मी शिकताना तीन ब्लॉक वाया घालवले होते.

आज आतड्याची काच.
निळा रंग फक्त चंबूंनी धरलेला,
चिकट पाणी पोटात घेऊन बसलेल्या पेशी,
मधे मधे एखादी, बाकी सगळ्या फिक्या.
"झोपे मॅडम, जन्माला तर सारख्याच आल्या.
मग ही निळी का, आणि तिला खेटून आहे ती का नाही?"

नेमकी तेव्हाच लाईट गेली.

तळाशी विहीर धर, म्हटलं.
तळाला थोरल्या बसलेल्या असतात,
पोरींना सारख्या सांगत: अजून लहान राहा, अजून वाटून घ्या.
पायरीगणिक तो आवाज विरतो.
जिथे ऐकू येईनासा होतो
तिथे काहीतरी व्हावंच लागतं.

आणि तिथे दोघी शेजारणी.
दोघींकडे तीच पोथी, तेच अक्षर.
एकीच्या अंगावर दोन हात जास्त फुटतात,
कसे, ते अजून कुणी धड सांगत नाही.
ती दुसरीला धरते.
अंगाला अंग लागल्याशिवाय हा निरोप जातच नाही.
ओढ बसली की दुसरीच्या कानाचं आतलं टोक तुटतं
आणि ते तुटकं टोकच गाभ्यापर्यंत जाऊन सांगतं:
चंबू तू होऊ नको. तू शोषून घे.

"म्हणजे बोलली ती चंबू."
हो.
"मग ऐकणाऱ्याच जास्त झाल्या."
हो. त्यांच्याच जिवावर आपण जेवतो,
आणि चार-पाच दिवसांत त्या शेंड्यावरून गळून जातात.
त्याने डबा उघडला, कळण्याची भाकरी मोडली,
जरा वेळ हातातच धरली.

"सगळ्यांचे कान बुजवले तर?"
उंदरांत करून पाहिलंय. सगळ्या चंबूच झाल्या.
आतडं नुसतं बुळबुळीत, अंगाला काही लागेना.

भावाच्या केळीत एका खोडाला सहा पिलं फुटतात,
तो विळ्याने पाच काढतो, एक ठेवतो.
हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.
इथे विळा घेऊन कुणी उभं नसतं.
मग मंजुळा आठवली,
जेवताना मोठ्याने म्हणाली होती, मी नाशिकला जाणार,
आणि आईपाशी कोण राहणार ते मला कळलं.
पण आमच्यात कुणी कुणाचा हात धरला नव्हता.
तेही सोडलं.

लाईट आली.
११८७, रावेरहून आलेली बाटली, जठराचा तुकडा.
इथे निळं नसायला हवं.
आहे.
एका कोपऱ्यात पाच-सहा चंबू, दाटीने,
जठरात आतड्याचं गाव वसलेलं.
कुणी चुकीचं ऐकलं,
की सांगणारीच बदलली?
रायसिंगने डोळा लावला, बराच वेळ काढला नाही.
"ह्यांना कुणी सांगितलं असेल?"
मला माहीत नाही, म्हटलं.
रिपोर्ट भंगाळे डॉक्टर लिहितील.
मी काचेवर पेनने ठिपका दिला, निळ्याच्या शेजारी.
इथे पाहा, एवढाच.

बाहेर बाकावर त्यांचा मुलगा,
गुडघ्यावर हेल्मेट.
"बापूंचं तिखट बंद करू का, ताई?"
डॉक्टरांना विचारा, म्हटलं,
आणि आत आले.
ट्रेतल्या बर्फाचं पाणी झालं होतं.
११८८ तिरका होऊन
तरंगू लागला होता.