दारी

टिळकवाडीच्या कॉलेजात पाच वर्षं
मी कायदा इंग्रजीत पाठ केला,
मराठीत समजून घेतला.
तो कन्नडमध्ये चालतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

मूट कोर्टात मी थेट सुप्रीम कोर्टापुढं उभी राहिले होते.
सुप्रीम कोर्ट म्हणजे करार शिकवणारे सर,
ग्रंथालयाच्या टेबलावर हिरवी चादर,
दोन मिनिटं उरली की वाजणारी सायकलची घंटा.
"माय लॉर्ड" म्हणताना
आवाज एकदाही अडला नाही.
बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा.
आई त्यात अजून हरभऱ्याची डाळ ठेवते.

मग सनद. मग हुंदरे वकिलांचं ऑफिस,
कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर,
जिन्यात कायम कुणीतरी बसलेलं.
पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "बस,"
आणि तीन महिने दुसरं काही म्हणाले नाहीत.

शिकवलं ते इराप्पानं, गुमास्त्यानं.
सातवी नापास, अठ्ठावीस वर्षं त्याच स्टुलावर.
फाईलची दोरी अशी बांधायची
की कोर्टात एका ओढीत सुटावी
आणि पक्षकारासमोर मुळीच सुटू नये.
स्टँप कुठं, अंगठा कुठं,
कुठल्या शिरस्तेदाराशी चहाआधी बोलायचं नाही.
"नाळे बा" म्हणजे उद्या ये,
पण मान न उचलता म्हटलं
तर सोमवारी ये, आणि साहेबांना घेऊन ये.
"तारीख मागणं ही कला हाय, अक्का," तो म्हणायचा,
"तारीख देणं ही नुसती नोकरी."

कन्नड वाचायलाही त्यानंच लावलं,
निकाली दाव्यांच्या जुन्या नकला देऊन.
वादी, प्रतिवादी दोन्हीकडं सारखेच,
म्हणून आधी ते ओळखले,
मग त्यांच्या मधलं भांडण.
खानापूरच्या शेवटच्या बसमध्ये
काचेवर बोटानं गिरवत जायची,
गोल, गोल, डोक्यावर शेपूट.
आपल्या अक्षरांना वर रेघ असते, धरायला.
इथं धरायला काही नाही.

एका मंगळवारी साहेब धारवाडला, हायकोर्टात.
मला म्हणाले, फक्त उभी राहा, तारीख घे.
तारीख मिळाली नाही.
साक्ष सुरू झाली.

सातेरी बिर्जे, सहा म्हशी, दूध डेअरीला.
पिंजऱ्यात चढताना टोपी काढून त्यानं खिशात कोंबली.
"माज्या वाटंवर तेनं कुंपान घाटलंय की, साहेब."

स्टेनोनं टाइप केलं, पालु.
हिस्सा.

कुणी काही बोललं नाही.
समोरच्या वकिलांनी नुसतं पेनाला टोपण लावलं.
तो आवाज मी ऐकला.
हिस्सा म्हटला की दावाच दुसरा,
भावकीचा, वाटणीचा, वीस वर्षांचा,
आणि सहा म्हशी कुंपणाच्या अलीकडंच.

चौथ्या वर्षी सोळा मार्कांना आलं होतं,
ईझमेंट म्हणजे काय, सोदाहरण लिहा.
मी साडेचार पानं लिहिली होती.
त्यात वहिवाट हा शब्द नव्हता.
म्हैस तर नव्हतीच.

उठले. माय लॉर्ड आठवलं नाही.
"स्वामी," म्हटलं, "पालु अल्ला."
पुढचा शब्द घशात अडला,
कोटाची बाही हातावर उतरली,
ती वर ओढली, आणि मग म्हटलं,
"दारी."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.
"हेसरेनु?"
मथुरा देसूरकर.
त्यांनी साक्षीदाराकडं बघितलं, मग स्टेनोकडं.
"दारी," ते म्हणाले.
बॅकस्पेस चार वेळा वाजलं.

सातेरीला काय झालं ते कळलंच नाही.
तो अजून कुंपणाचीच लांबी सांगत होता,
हातानं, पिंजऱ्याबाहेर हात काढून.

व्हरांड्यात इराप्पा उभा होता.
"बोललात म्हणे."
"एकच शब्द," मी म्हटलं. "मराठीत त्याचा अर्थ दारात."
"असंल की," तो म्हणाला,
"फाईल द्या इकडं. दोरी उलटी बांधलीय."