क्रमांक सतरा

पालवशेतला एसटी दिवसातून एकच.
कंडक्टर म्हणाला, सड्यावर काय बघायचंय?
कातळ आणि करवंदं.

चढ संपला तिथं झाडं संपली.
मग काळा कातळ, चपलेतून चटके देणारा,
आणि त्यावर उभे दगड, विस्कटून,
मागून कुणी हाक मारल्यावर
बोलता बोलता माना वळवून थांबल्यासारखे.

दोन दिवस मी त्यांना आकडे दिले.
उंची, रुंदी, झुकाव, तोंड कुठल्या दिशेला.
चारला शेंदूर. नऊ मोडका.
बाराच्या बुंध्याशी नारळाची करवंटी.
आणि चार दगडांवर टेकलेली ती सपाट शिळा,
तिच्यावर जांभळट लाल डाग.
मी लिहिलं : रंगद्रव्य? नमुना घ्यावा.

तिसऱ्या सकाळी आनशी सारंग सूप घेऊन आली
आणि शिळेवर सोलं पसरू लागली.
"ह्यो दगड उशीरा निवता, गो बाय.
चार पुट दिलंय, आता दोन उन्हां पुरे."
मी वहीतली ओळ खोडली.
तिनं पाहिलं. हसली नाही, हे तिचे उपकार.

"तू शिकलेलां. हय खाली कोण निजलेत?"
मी सांगितलं : फार जुनी माणसं,
लोखंड ओळखणारी, मडकी घडवणारी.
हाडं सहसा सापडत नाहीत,
इथली माती आंबट, ती हाडं खाते.
मडकं तेवढं उरतं.
"माती आंबट," ती म्हणाली,
आणि रसानं माखलेलं बोट चाटलं.
"म्हंजे हाडां नाय, तरी दगड उभो?"
"हो."
"मगे ठीक."

सूप उपडं ठेवून ती सतराकडे गेली.

सतरा : उंची दोन फूट.
बाकी सगळे उगवतीकडे,
हा एकटा मावळतीला, खाडीच्या मुखाकडे.
त्याच्यावर मी दीड पान लिहिलं होतं.
वेगळा पंथ? नंतरचा काळ?
सूर्यास्ताशी काही नातं?

तिनं पदरानं तो पुसला.
डब्याच्या झाकणात चहा ओतला, समोर ठेवला.
"भालो. माझो झिल.
नारळी पुनवेनंतर दोन दिसांनी गेलो, बोट तेवढी गावली.
अकरा वर्सां झाली.
भटान दर्भाचो केल्यान नि जाळल्यान.
माका काय तो गवताचो भालो पटाक नाय."

खाणीवरचा फुटका चिरा
दोघी जावांनी डोक्यावरून वर आणला.
"हय इतके जण उभे आसत,
म्हटलां, ह्येंच्यात ऱ्हव.
घराकडे न्हय, दर्याकडे तोंड केलंय.
येवचो झालो तर
कोणीतरी वाट बघणारो होयो मा."

अकरा पावसाळ्यांत चिऱ्यावर काळपट बुरशी धरली होती,
बाकीच्यांवर होती तशीच.
मला फरक कळला नव्हता.
अजूनही, खरं सांगायचं तर,
तो नेमका कुठं आहे ते सांगता येत नाही.

खोडरबर हातात होता.
"आकडो किती दिलंस त्येका?"
"सतरा."
"सतरा," ती म्हणाली,
शाळेत नाव घातल्यावर हजेरी क्रमांक
आई पाठ करते तशी.
मग थोड्या वेळानं,
"ह्येंच्यातच धरलंस मा?"

सोलं उलटायला मी तिच्या शेजारी बसले.
चहावर मुंग्या आल्या.
टेप कातळावर उघडाच राहिला,
वाऱ्यानं त्याची पट्टी वाजत होती.
खाली वळणावर एसटीचा हॉर्न झाला,
आम्ही दोघींनी ऐकला,
कुणीच उठलं नाही.

आज कचेरीत अहवाल टाइप करतेय.
'एकूण दगड' असं लिहून झालंय,
पुढं रिकामी जागा.
बोटांना अजून आंबट वास येतो.