हजेरीपट

रास अल खैमाला मी आले ती नोकरीसाठी,
येसनाकासाठी नाही.
प्रसूती वॉर्ड, रात्रपाळी, महिन्याला दोन शुक्रवार मोकळे.
तो आला होता शके सतराशे एक्केचाळीसच्या मार्गशीर्षात,
कंपनी सरकारच्या गलबतातून,
सात रुपये पगारावर.

आमच्या घरात त्याची गोष्ट एवढीच:
तोफेच्या तोंडी गेला, पाठ दाखवली नाही.
आणि पितळेचा एक बिल्ला, आकडा झिजलेला,
जो आत्या दर वर्षी चिंचेनं घासून
आणखी थोडा झिजवते.

सहा वर्षं मी कागद मागवतेय.
ओव्हरटाइमचे पैसे त्यात गेले, तक्रार नाही.
पहिल्यांदा आला पलटणीचा हजेरीपट,
कडेला वाळवीनं चावलेला:
येसनाक वल्द हिरनाक, मौजे करंजाळी, तालुके सुवर्णदुर्ग.
उंची पाच फूट चार. उजव्या भुवईवर देवीचा वण.
आईसाठी रकानाच नव्हता.

त्या वणाचं मला इतकं कौतुक वाटलं
की व्हिडिओ कॉलवर मी दीपंकरची भुवई पाहत बसले.
काय झालं, म्हणाला.
म्हटलं, काही नाही, जरा उजेडात ये.

लढाईतल्या मेलेल्यांत तो नाही.
जखमींत नाही.
तोफ त्याच्यापर्यंत पोचलीच नसावी.
पुढच्या उन्हाळ्यात, किश्म बेटाच्या छावणीत,
एका ओळीत: ताप. नाव कमी.

ताप हे निदान नव्हे.
आज मी केसपेपरवर एवढंच लिहिलं
तर डॉक्टर फातिमा पेन थांबवून माझ्याकडे बघतील.
किती दिवसांचा? थंडी वाजून? पाणी कुणी पाजलं?
किश्म इथून दिसत नाही.
मी कॉर्निशवर उभी राहून पाहिलंय,
दिसतात खनिज भरणारी जहाजं, आणि धुरकट.

मग आली दुसरी वही, घरपोच पगाराची.
येसनाकाची बायको, बाई भागी,
दरमहा तीन रुपये, अंगठा.
अंगठा, अंगठा, अंगठा.
नवरा गेल्याची खबर लागायला एक पावसाळा गेला असेल,
कारण एका महिन्यात दोन अंगठे आहेत,
दुसरा पुसट.
आणि शके सतराशे पंचेचाळीस, श्रावण:
बाईने पाट लावला, गोंदनाक, गवतकाप्या, याच पलटणीचा.
मूल एक, मुलगा, वय तीन महिने. पगार बंद.

तो मुलगा म्हणजे आम्ही.
इथून खाली सगळी नावं मला पाठ आहेत.

मी प्रसूती वॉर्डात काम करते.
मला नऊ महिने मोजता येतात.
तरी तीनदा मोजले, बोटांवर,
लेबर रूमच्या बाहेर, कागदी कपातला चहा गार होईपर्यंत.

म्हणजे सहा वर्षं मी ज्याच्या मागे होते
तो माझा कुणीच नाही.
माझा तो दुसरा,
घोड्यांसाठी विळा घेऊन पहाटे उठणारा,
ज्याची उंची कुणी मोजली नाही,
ज्याच्या भुवईवर काय होतं
हे फक्त भागीला माहीत.
त्याने तो बिल्ला फेकला नाही.
पोराला त्याची गोष्ट सांगितली असणार
यानेच, अजून कोण सांगणार होतं?
तोफसुद्धा यानेच घातली असेल त्यात,
तापाने मेलेल्या माणसाला
थोडं बरं मरण म्हणून.

सुगतचा मेसेज आलाय.
फलक तयार आहे, सोनेरी अक्षरं, वीर येसनाक,
रविवारी बौद्धवाडीत कार्यक्रम, दोन ओळी पाठव, ताई.

मी लिहिलं: गोंदनाक.
पुसलं.
लिहिलं: फलक राहू दे, खाली जागा आहे का?

तेवढ्यात आठ नंबरची बेल वाजली.
पठाण आहे तिचा नवरा, ट्रक चालवतो, सलालाला अडकलाय.
मुलगी झाली. पावणेतीन किलो.
फॉर्मवर पहिला रकाना बापाचा.
मी खालून भरायला घेतला.