दहिवर असेपर्यंत

लोक मोबाइल पुढं करतात:
"सेम असंच पाहिजे."
फोटोतला मांडव कुठल्यातरी समुद्राकाठी,
मागं निळंशार पाणी.
मी म्हणतो, फुलं होतील.
पाणी आमच्या परभणीत
आठ दिवसाआड येतं.

आजा सेहरे ओवायचा,
शनिवार बाजाराच्या तोंडाशी.
नवरदेवाचं कपाळ वितीनं मोजून
डोळ्यांपुढची लड बोटभर आखूड ठेवायचा,
पोराला पुढची वाट दिसावी म्हणून.
मी पण मोजतो. वीत वेगळी.
विचारतो, घरात कोण कोण?
कशाचा वास आला की गाव आठवतं?
रिटायर होणाऱ्या एका कंडक्टरला
झेंडूचा हार नको होता,
पस्तीस दसरे गाडीच्या तोंडावर तोच बघितलेला.
त्याला लिंबाचा मोहर ओवून दिला,
जिंतूर रोडवरच्या थांब्याच्या झाडाचा.
भाषणं चालू होती
आणि हा हार नाकाशी धरून
डोळे मिटून बसलेला.

सत्यशीला आली ती फोटोशिवाय.
विद्यापीठात बियाणं मोजायच्या कामाला आहे.
म्हणली, वरमाला करडईच्या फुलांची करा.
मी हसलो.
करडई? ढोरं शिरू नयेत म्हणून
धुऱ्यावर पेरतात ती?

"माय काढायला जायची," ती म्हणली,
"हाताला फडकी, पोटऱ्यांना पोतं गुंडाळून.
रात्री दिव्यापाशी बसून
मी तिचे काटे काढायचे सुईनं.
मला दुसरं फूल कुठं माहीत आहे?"

वहीत लिहिलं: करडई.
भावाची जागा कोरी सोडली.

सोजरबाई, तिची माय, दारातच म्हणली,
"कुतुबभाऊ, उन्हात हात लावू नका.
पहाटं या.
दहिवर असेपर्यंत काटा मऊ असतो."

पेडगावच्या पुढचं रान. फेब्रुवारी.
टॉर्चच्या उजेडात पिवळी बोंडं,
काही शेंदरी व्हायला लागलेली.
सोजरबाई खाली बघतच नव्हत्या,
पोरीच्या सासरचं सांगत होत्या,
जावई चहा पीत नाही म्हणे, दूध पितो,
आणि टोपली भरत होती.
तीस वर्षं सुई धरलेला मी,
दोनदा टोचून घेतलं.
हैदराबादहून रात्रीच्या गाडीनं आलेले ऑर्किड
तिकडं दुकानात बर्फावर निजले होते.

मुहूर्त बारा पस्तीसचा.
दहिवर कधीच उडून गेलेलं.
नेलकटर घेऊन सगळी टोकं छाटली होती मी.
सगळी नाही.
शेवटचं सावधान झालं, माळ गळ्यात पडली,
नवरदेवानं मान जराशी आक्रसली,
बोलला काहीच नाही.
व्हिडिओवाला नंतर म्हणला,
ताई, मानेवरचा ओरखडा पुसून टाकतो, दोन मिनिटांचं काम.
"राहू द्या," ती म्हणली.
सोजरबाई पंगतीत वाढत होत्या,
हात पदराखाली घेत घेत.

परवा सेलूहून एक पोरगा आला.
मोबाइल पुढं केला.
तीच माळ. पिवळी, शेंदरी.
"सेम अशीच पाहिजे. वीस मेची तारीख आहे."

मेमध्ये करडई?
रानात आता नुसती ढेकळं,
भेगांत हात जाईल एवढी तापलेली.
मी स्टूल पुढं सरकवलं.
बस, म्हणलं.
मोबाइल ठेव खिशात.
तुझ्या घरात कोण कोण?