काकडीच्या वासाचा मासा

येरोनीमासमामा,
लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत विचारलंस,
"रात्र रात्र त्या घाणीत तू करतेस तरी काय?"
टेबल हसलं. मीही हसले.
तोंडात काळा पाव होता तेव्हा.
उत्तर आता देते.

गावाचं सगळं माझ्याकडे येतं.
आंघोळीचं, भांड्यांचं, आणि जे चारचौघांत बोलत नाहीत ते.
पहिल्या जाळीवर अडकतात कानकाड्या, ओले रुमाल,
एकदा तर कुणाची कवळी.
तीन आठवडे खिडकीत ठेवली धुऊन.
मागायला कोण येणार?

बास्केटबॉलचा सामना असला
की मध्यंतराला काटा टुणकन उडतो.
टीव्ही न लावता सांगते मी, आपण हरतोय का.
हरताना लोक आधीच उठतात.

मग टाक्या. तपकिरी, खालून हवा सोडलेली,
मंद आचेवरच्या आमटीसारखी खदखदणारी.
त्यात माझी जित्राबं.
सूक्ष्मदर्शकातून बघ कधी,
देठावर डुलणाऱ्या घंटा, इवल्या,
धक्का लागला की लाजून आखडणाऱ्या.
त्या दिसल्या की समजायचं, घर नीट चाललंय.
ती खातात गावाचं उष्टं,
खाऊन जड होतात, तळाशी बसतात,
आणि वर उरतं ते पाणी
नेमुनासमध्ये सोडायला लाज वाटत नाही.
थंडीत त्यांची भूक मरते. थांबायचं मग.
तुझ्या गोठ्यातही हेच ना?

फेब्रुवारीत एका रात्री,
बाहेर उणे अठरा,
तीनच्या सुमाराला पाणी पांढरं यायला लागलं.
वास घेतला. आंबट.
चीज-कारखान्याने निवळी सोडली होती, टँकरच्या टँकर.
विष नव्हे रे, मेजवानी.
तीच तर भीती.
अधाशासारखी खातील, टाकीतला सगळा श्वास संपवतील,
आणि गुदमरून मरतील माझी जित्राबं.

रिमगाउदास साहेबांना उठवलं.
झोपेतच म्हणाले,
"नदी गोठलीय. बर्फाखालचं कोणाला दिसतंय? जाऊ दे."

मला दिसत होतास तू.
ऐंशी किलोमीटर खाली, खाडीच्या बर्फावर,
स्टुलावर बसलेला, फळीचं टोक भोकात सोडून
लाकडी हातोडीने ठोकणारा,
ढब ढब, ढब ढब,
खालून मासा यावा म्हणून.

राखीव टाकीची झडप गोठली होती.
किटलीभर उकळतं पाणी ओतलं. दुसरी किटली.
तिसरीला चाक कुरकुरलं.
सगळं पांढरं तिकडे वळवलं
आणि पुढचे पाच दिवस
चमच्या-चमच्याने पाजलं, बाळाला पाजावं तसं.
हवेचे पंप इतके चालवले
की विजेचं बिल बघून साहेब बोलेनासे झाले.

फुशारकी नाही मारत.
ऑगस्टमध्ये तुझी खाडी हिरवीगार होते, दाट,
जाळ्याला शेवाळाचा साबण लागतो
आणि तू वरच्या गावांच्या नावाने शिव्या घालतोस.
घाल. थोडी आमचीही आहे ती,
शेतांची जास्त.
फॉस्फरस धरते तेवढा धरते,
बाकीचा बोटांतून जातो.

मार्चमध्ये बसवाल्याच्या हाती तू पुडी पाठवलीस,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या स्तिन्ता.
उघडली, आणि स्वयंपाकघरभर
नुकत्या चिरलेल्या काकडीचा वास.
मासा, आणि काकडीचा वास!
बारा वर्षं हे नाक गटाराशी बोलतंय, मामा.
मी पुडीत तोंड घालून उभीच.
नवरा म्हणाला, "तळणार आहेस, की हुंगूनच पोट भरायचं?"

तळल्या. अकरा खाल्ल्या एकटीने, डोक्यासकट.
मग तवा घासला, मोरीत पाणी सोडलं,
आणि झोपले.

सकाळी सहाच्या पाळीला पोचले,
तर ते माझ्याआधीच येऊन थांबलेलं.