उठबस

मेडिकल कॉलेजातून आलेल्या शिरीन तांबोळीने
फॉर्म पुढे सरकवला :
दिवसातले किती तास बसता?
मी लिहिलं, आठ.
मग स्कूटर आठवली, सिडको ते नाशिकरोड,
दुपारचा डबा, रात्रीची मालिका.
खोडून अकरा केलं.

भूमी अभिलेखात सव्वीस वर्षं.
बागूलभाऊसाहेब रिटायर झाले तेव्हा
त्यांची खुर्ची मला मिळाली,
फोममधल्या खळग्यासकट.
सुरुवातीला टोचायचा.
आता कुणी विचारलं तर सांगेन, माझाच आहे.

इथे माझा जम बसला.
घडी बसली.
थंडीत आवाज बसतो, मार्चअखेर हिशेब बसतो,
बदलीची यादी लागली तरी हल्ली धक्का बसत नाही.
एका क्रियापदाने किती सांभाळून घेतलंय मला.

चालतं ते माझं बोट.
नकाशावर, बांधाबांधाने,
आडगाव, ओढा, विंचूर गवळी,
जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीन शिवारं.
नखाला माती लागत नाही.

घरी काही शारीरिक हालचाल?
म्हटलं, आल्यागेल्याची उठबस.
ती हसली. तिच्याकडे तसा रकाना नव्हता.
'बैठी'वर खूण करून
कंबर धरत स्टुलावरून उठली.
सकाळपासूनची बाविसावी होते मी.

गुरुवारी खैरनार मोजणीला निघाला.
मी म्हटलं, येते.
त्याने आधी माझ्या चपलांकडे पाहिलं.

म्हसरूळच्या मागे, गट दोनशे बारा.
कागदावर माझ्या करंगळीएवढा.
द्राक्षबागेच्या तारांखालून वाकून,
कोरडा ओहोळ उतरून, पुन्हा चढून,
मध्ये कुणाची तरी म्हैस बांधलेली,
ती काही केल्या हद्द सोडेना.
नकाशात म्हैस नव्हती.
चढही नव्हता.
साडीच्या काठाला गोखरू,
चौथ्या खुणेपाशी अशी धाप
की बागमालक पाण्याचा तांब्या घेऊन धावला.
खैरनार म्हणाला, मॅडम, बसा जरा.

मी उभीच राहिले.
पाऊण तास लागला
एका करंगळीला.

आज खुर्चीत आहे. खळगा ओळखतो मला,
काही विचारत नाही.
टेबलाखाली चप्पल काढून ठेवलीय,
डाव्या टाचेला फोड आलाय
आणि अजून
बसलेला नाही.