तिसऱ्या खोकल्याला पाणी

डॉक्टर घरत म्हणाले,
चहा चारनंतर बंद. मोबाईल हॉलमध्ये.
खिडकीला जाड पडदा लावा,
कोपरखैरण्यात रात्रीचाही उजेड फार.

सगळं केलं.
ऋजुताने मनगटावर घड्याळ बांधलं,
ते सकाळी झोपेचे गुण सांगतं.
एकेचाळीस. अडतीस.
शाळेतही मी काठावरच पास.

अडीचला कांद्याचे ट्रक
वाशीच्या मार्केटकडे वळतात,
तिसरा गिअर, मग दुसरा.
ते नाहीत मला जागवत.
मला जागवतं
आतल्या खोलीचं गप्प असणं.

नऊ वर्षं अण्णा खोकायचे तिथे.
मी झोपेतच मोजायचो:
दोनदा असेल तर नुसती कूस बदलायची,
तिसऱ्याला उठून पाणी.
माघात खोकला थांबला.
कानांना कुणी सांगितलंच नाही,
ते अजून ड्युटीवर.

काल उकडलं म्हणून पडदा सरकवला,
खिडकी उघडली.
खाली गेटवर नवा वॉचमन
बिडी विझवून
खोकला एकदा.
मी श्वास धरून पडलेला.
दोनदा.

कूस बदलली.

सकाळी घड्याळ काय म्हणालं
ते बघायचं राहूनच गेलं.